चौदा नंबरचा पाना

सर्व्हिसिंग करून आणली, त्याच संध्याकाळपासून
उजव्या वळणावर गाडी काहीतरी म्हणते.
टुक्.
जरा दम खाऊन, परत टुक्.
सरळ रस्त्याला गप्प. डावीकडं गप्प.
खात्री करायला ताराराणी चौकाला चार फेऱ्या मारल्या,
पाचवीला पोलिसानं शिट्टी न वाजवता
नुसतंच हातानं विचारलं, काय हो?

उद्यमनगरात आदगोंडा हात पुसत बाहेर आला.
चावी घेतली, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणली.
"आवाज? मला तर काय ऐकू आलं नाही, भावा."
गल्ली सरळ आहे, मी म्हणालो.
नवीन पॅड आहेत, तो म्हणाला, बसायला वेळ लागतोय.
बिलावर एकोणीस ओळी होत्या,
शेवटची: इतर, साडेतीनशे.
त्या 'इतर'कडं मी बराच वेळ बघत राहिलो.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाला,
काच वर घ्या, एसी लावा.

मी लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस.
लोखंड कुठं दुखतंय ते मला कळतं, असं समजत होतो.
सुनेत्रा म्हणाली, मग चाक काढून बघा की.
म्हटलं, दुसऱ्याला दिलेल्या कामात हात घालायचा नसतो.
ती म्हणाली, बरं.
आणि पर्स मांडीवर घेऊन आवाज मोजायला लागली.
फुलेवाडीपर्यंत अकरा.

बालिंग्याचा पूल ओलांडला आणि ब्रेक
ओल्या साबणासारखा पायाखालून गेला.
हँडब्रेक ओढला.
गाडी उसाच्या कडेला गेली आणि टेकली.
मागं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याचं गाणं बंद झालं.
ड्रायव्हर उतरला. पोरगाच, कानाला मफलर.
मोबाईलचा उजेड चाकाआड धरून म्हणाला,
"काका, हितं दोन बोल्ट पायजेत. एकबी न्हाई."
मग हात आणखी आत घातला
आणि कोंबडीखालनं अंडं काढावं तसा
चौदा नंबरचा पाना बाहेर काढला.
गरम होता.
सुनेत्रा हसायला लागली.
मला आधी तिचाच राग आला.
मग दिसलं, पर्सवरचे तिचे हात थरथरत होते.

आदगोंडाच्या भिंतीला प्लायवूड ठोकलंय,
त्यावर प्रत्येक पान्याचा काळा आकार रंगवलेला.
दहा, अकरा, बारा, तेरा,
आणि एक नुसतीच सावली.
सव्वा महिना ती तिथं तशीच होती.
तिच्यासमोर उभं राहून
आम्ही दोघं तीनदा भांडलो होतो.

पाना तिथं टांगला.
घरापासून घोकत आणलेलं बरंच होतं,
त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना.
आत इर्शाद, अठरा वर्षांचं पोर,
एकच टायर उगाच इकडनं तिकडं ठेवत होता,
आणि मला माझं एक बुश आठवलं,
शिकाऊ असतानाचं,
चार थाऊ जास्त कातलेलं,
जेवणाची सुट्टी झाली म्हणून तसंच पेटीत टाकलेलं.
शिरोळकडं कुठल्यातरी पंपात बसलं असेल.
कुणी परत घेऊन आलं नाही.
म्हणजे ते चांगलं होतं, असं नाही.

आदगोंडानं पोराकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.
बोल्ट त्यानं स्वतः आवळले, दोनदा,
मग परत एकदा, माझ्या देखत.
पैसे घेतले नाहीत. चहा सांगितला.
चहात साखर विसरली होती.
तिघांनी तसाच प्याला.

आता उजव्या वळणावर गाडी काही म्हणत नाही.
वळण आलं की मी अजून काच खाली घेतो.
शेजारी सुनेत्रा, मांडीवर पर्स,
बोटं अजून मोजायच्या तयारीत.